झाकणाची आतली बाजू

आबांनी आपल्या सुनेला पळताना कधी पाहिलं नव्हतं. सून देशात पहिली आलेली, एकदा नव्हे तीनदा. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत ती उतरणार म्हटलं की भल्याभल्यांची तोंडं उतरायची. आणि सासरा एकदाही बघायला गेला नाही म्हटल्यावर गावानं काय ते समजून घेतलं. म्हातारा खडूस आहे, सुनेचं कौतुक त्याला बघवत नाही, असं बोललं जाई. ते आबांच्या कानावर आलं होतं. त्यांनी या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं, कारण तेव्हा म्हशींना वैरण घालायची वेळ झाली होती.

खरी गोष्ट वेगळी होती. आबांचा खुबा एकदा मोडून बसला होता, तो वाकडाच सांधला. गोठा ते अंगण आणि अंगण ते गोठा, काठी टेकत, एवढाच त्यांचा प्रवास. शर्यत टीव्हीवर लागायची ती नेमकी धारेच्या वेळी. मुलानं एकदा फोनवर दाखवली, पण त्या तळहाताएवढ्या काचेत सून पळतेय की मुंगी, ते काही त्यांना उमगलं नाही. आणि ती कशी पळते हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ज्ञान त्यांनी झाकणावरून मिळवलं होतं.

झाकण दुधाच्या किटलीचं. नऊ वर्षांपूर्वी सून घरात आली, त्याच उन्हाळ्यात आबा गोठ्यात घसरले. तोवर रोज पहाटे बारा लिटरची किटली पाठीला बांधून डोंगर उतरायचं काम त्यांचं होतं. वर गाडीरस्ता नव्हता. दुधाची गाडी खाली फाट्यावर यायची, सहा किलोमीटरवर. दहा मिनिटं थांबायची, दोनदा हॉर्न द्यायची आणि निघून जायची. मुलगा दगडखाणीत पाळीवर. आबांची बायको आधीच गेलेली. मग लग्नाला चार महिने झालेल्या सुनेनं जुन्या चादरीची झोळी केली, किटली पाठीला आवळली आणि निघाली.

पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून ती पळत गेली. गाडीवाल्यानं झाकण काढलं, आत बघितलं आणि चारचौघांत विचारलं, "ताई, दूध आणलंय की ताक?" उन्हाळ्याचं कोमट दूध हेलकावे खाऊन घुसळलं होतं, वर लोण्याचे कण तरंगत होते. त्यानं ते सगळ्यांदेखत गटारात ओतलं. सून घरी आली ती मान खाली घालून. लाजेनं तिनं किटली राखेनं घासून लख्ख केली.

"झाकण का धुतलंस?" आबांनी खाटेवरून विचारलं.

"घाण झालं होतं, मामंजी."

"उद्यापासून किटली खुशाल धू. झाकण मात्र माझ्यासमोर उलटं ठेवायचं. मी बघितल्यावर धुवायचं."

तेव्हापासून ती रीत पडली. सून फाट्यावरून परत यायची, घामानं भिजलेली, आणि आधी झाकण उलटं करून आबांच्या पुढ्यात ठेवायची. आबा ते उन्हाकडे धरायचे, अंगठा फिरवायचे. लोणी एका बाजूला चिकटलेलं असलं तर म्हणायचे, "उजव्या खांद्यावर झुकतेस." कडेनं फेसाचं कडं असलं तर, "टाच आपटतेस." एकदा मधोमध एकच ओघळ होता. आबा म्हणाले, "ओढ्यापाशी उडी मारलीस ना?" सून बघतच राहिली. तिला वाटलं म्हाताऱ्यानं मागे माणूस लावलाय.

"मग ओढा ओलांडू कसा?"

"ओलांड ना. पण किटलीला कळता कामा नये."

दीड महिना असा गेला. तिच्या पाठीची सालटं निघाली, पायाची दोन नखं काळी पडून गळाली. गुडघे ती मऊ ठेवायला शिकली, पाऊल जमिनीलगत, डोकं एका पातळीत, डावा हात मागे किटलीच्या बुडाला. गाडीचा दुसरा हॉर्न कधी चुकला नाही आणि दुधाला कधी पत्ता लागला नाही. एका सकाळी आबांनी झाकणावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साफ."

बस्स, एवढंच. पण या घरात त्याहून मोठी शाबासकी नव्हती. सून आत गेली आणि चुलीपुढे एकटीच हसत बसली.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. शाळेचे खेळाचे मास्तर उताराला सायकलवरून चालले होते. किटलीवाली बाई त्यांना मागे टाकून गेली आणि वर म्हणाली, "मास्तर, बाजूला व्हा, गाडी सुटतेय." मास्तरांनी तिला जिल्ह्याच्या शर्यतीला नेलं. सुरुवातीच्या रेषेवर तिनं विचारलं, "गाडी कुठं थांबलीय?" मास्तर म्हणाले, गाडी नाही, फीत आहे. ती फीत तोडून ती थांबलीच नाही. पुढे मैदानाबाहेर सामानाचा ट्रक उभा होता, तिथं जाऊन हात लावला, तेव्हा कुठं थांबली. लोक हसून हसून लोळले. वर्तमानपत्रात 'किटली' हे नाव छापून आलं ते त्याच दिवसापासून. मग राज्य, मग देश, सलग तीन वर्षं. गावात रस्ता आला, दुधाची गाडी दारात येऊ लागली, सून वर्षातले आठ महिने मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रावर राहू लागली. सुट्टीत आली की मात्र ती मुद्दाम किटली घेऊन उतरायची आणि झाकण आणून आबांपुढे उलटं ठेवायची. साफ. दर वेळी साफ.

मग केंद्रावर नवे सर आले, त्यांनी सुट्ट्या बंद केल्या, आणि दोन वर्षांत होत्याचं नव्हतं झालं. पहिल्या वर्षी ती नववी आली. दुसऱ्या वर्षी तिसाव्या किलोमीटरला नडगी धरून खाली बसली.

या उन्हाळ्यात ती घरी आली ती पिशवी आणि एक पत्र घेऊन. पत्रात लिहिलं होतं, येत्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या राष्ट्रीय शर्यतीत पहिल्या तिघींत आलात तर ठीक, नाहीतर केंद्रावरची जागा रिकामी करावी. नवऱ्यानं पत्र वाचून घडी घातली. तो खाणीतून नुकताच आला होता, भुवयांवर दगडाची पूड तशीच होती.

"राहू दे गं. खूप पळालीस. आता निवांत बस."

"निवांत बसायला मी काय म्हातारी झालेय?" ती म्हणाली, आणि मग तोंड फिरवून रडली. अठ्ठाविसाव्या वर्षी आपण संपलो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते तिला निम्मं पटलंही होतं.

घरीही काही बरं चाललेलं नव्हतं. वळवाच्या पावसात वरची दरड कोसळून रस्ता बुजला होता. दुधाची गाडी पुन्हा फाट्यावरच थांबायला लागली होती. त्यात उन्हानं म्हशींचं दूध आटलं. किटली पाऊणच भरायची, आणि अर्धवट भरलेली किटली जास्त डुचमळते. आठवडाभर मुलगाच दूध नेत होता. तो मनानं सोन्यासारखा, पण चालायचा असा की अंगावरच्या पिशवीतलं सामानही जागेवर राहू नये. दोनदा दूध परत आलं. तिसऱ्यांदा आलं तर या घराचा नंबर दूधकेंद्राच्या वहीतून जाणार होता, आणि एकदा गेलेला नंबर परत कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

"उद्या मी जाते," सून म्हणाली.

"नडगी दुखतेय ना तुझी?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमच्या हातून दूध जाण्यापेक्षा माझी नडगी गेलेली बरी."

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि आली. झाकण उलटं करून आबांपुढे ठेवलं आणि नेहमीसारखी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. आबांनी झाकण उन्हाकडे धरलं. मग अंगठा फिरवला.

"गाडीवाल्यानं घेतलं का?"

"घेतलं. म्हणाला, आज ओळखीवर घेतो, उद्या असलं आणू नका."

आबांनी अंगठा तिच्यापुढे केला. अंगठ्याच्या पेरावर लोण्याचा पिवळट थर होता. सुनेचं तोंड पांढरं पडलं. सरांनी तिला नाही नाही ते ऐकवलं होतं, पेपरवाल्यांनी छापलं होतं, ते सगळं तिनं गिळलं होतं. पण हा अंगठा तिला बघवेना.

"पळायला तुला कुणी शिकवलंय आता?" आबांनी विचारलं.

"सर म्हणतात, गुडघा वर उचलायचा. पाऊल लांब टाकायचं. दोन्ही हात असे जोरात मारायचे. माझी पळायची तऱ्हा गावठी आहे म्हणतात. पाठीवर किटली असल्यासारखी पळतेस, म्हणतात."

"मग बरोबर म्हणतात की."

"चूक म्हणून म्हणतात ते, मामंजी! तिथं किटली नसते. तिथं दूध नसतं."

"दूध नसेना का," आबा म्हणाले. "तू असतेस ना? मग घुसळतेस ते कुणाला? स्वतःलाच." त्यांनी झाकण तिच्या हातात दिलं. "तिसाव्या किलोमीटरला बसलीस म्हणे. बसशील नाहीतर काय. तोवर तुझं ताक झालेलं असणार."

दुपारभर सून गोठ्याच्या दाराशी झाकण घेऊन बसली होती. संध्याकाळी तिनं सरांनी दिलेले जाड टाचांचे बूट पिशवीत कोंबले आणि जुने पातळ तळव्याचे बूट बाहेर काढले.

त्या उन्हाळ्यात ती पुन्हा पहिलीपासून शिकली. आबा पहाटे धार काढायचे, त्यांच्या त्या बुटक्या स्टुलावर वाकडा पाय पसरून, आणि दूध किटलीत ओतताना मुद्दाम दोन बोटं आणखी कमी भरायचे. मुलगा म्हणायचा, "आबा, आधीच दूध कमी, त्यात तुम्ही तांब्यात का काढून ठेवताय?" आबा म्हणायचे, "डुचमळू दे थोडं. तिच्यासाठीच आहे ते." दुसऱ्या दिवशी झाकणावर लोणी अर्ध्या बाजूला होतं. चौथ्या दिवशी नुसता फेस. गाडीवाला रोज आत डोकावून बघायचा आणि काही न बोलता ओतून घ्यायचा. घराचा नंबर वहीत राहिला. दरड उपसून रस्ता मोकळा झाला, गाडी दारात आली, तरी सून किटली घेऊन उतरतच राहिली. गाडीवाला गाडीतून तिच्या शेजारून जाताना ओरडायचा, "ताई, द्या की इथंच!" ती मानेनंच नाही म्हणायची. बोलली असती तर श्वास हलला असता.

पाऊस सरत आला तेव्हा एका सकाळी आबांनी झाकणावर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग नखानं कडा खरवडून बघितली.

सून थांबली होती. तिला तो शब्द हवा होता.

"शर्यत कधी आहे?" आबांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मी येणार आहे."

एवढं बोलून त्यांनी झाकण खाली ठेवलं. साफ आहे की नाही, ते सांगितलंच नाही. सून दिवसभर चुळबुळत राहिली.

शर्यतीला आबा गेले ते दुधाच्या गाडीतून. गाडीवाल्यानं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. आबांना वर चढवायला दोघं लागले, एकानं काखेत हात घातला आणि एकानं मागून ढकललं. "पोतं चढवताय का रे?" आबा करवादले. धार काढायचं स्टूल त्यांनी बरोबर घेतलं होतं. मुलानं परोपरीनं सांगितलं की तिथं खुर्च्या असतात. आबांनी ऐकलं नाही.

शहरातल्या एका रुंद रस्त्याच्या कडेला, छत्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीखाली त्यांनी स्टूल टाकलं. ऊन चढत होतं. दोन्ही बाजूंना माणसं दाटीनं उभी होती, कपड्यांना इस्त्री केलेली. एक पोलीस आला. "ओ आजोबा, उठा. रस्त्यावर दुकान मांडायचं नाही."

"दुकान नाही साहेब. माझा पाय वाकत नाही."

"मग घरी बसायचं."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. आबांनी स्टूल वीतभर मागे सरकवलं आणि बसून राहिले. मुलाचे कान लाल झाले होते, पण आबांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना धास्ती वेगळीच होती. सुनेचं काय होणार याची नव्हे. नऊ वर्षं आपण नुसत्या झाकणावरून बोललो, आणि आज ती समोरून आली आणि वेगळीच कुणी दिसली तर काय, याची.

आधी मोटारसायकल आली. मग पाठोपाठ दोघी आल्या, उंच, सडपातळ, लांबलांब टांगा टाकत. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "काय पळतायत! बघा, गुडघे कसे उचलतायत!" पोलीसही बघत राहिला. त्यांच्या मागे शंभरेक पावलांवर तिसरी होती.

आबांनी पायांकडे बघितलंच नाही. त्यांनी डोक्याकडे बघितलं. पलीकडच्या फुटपाथवर लांबलचक भिंत होती, तिच्यावर निळा पट्टा ओढलेला. तिघींपैकी पहिल्या दोघींची डोकी त्या पट्ट्याच्या वर जात होती, खाली येत होती. तिसरीचं डोकं पट्ट्याला लागून सरळ चाललं होतं. उजवा हात लयीत, डावा हात कमरेमागे किंचित वळलेला, कशाच्या तरी बुडाला धरल्यासारखा. पावलांचा आवाज नव्हता. घामानं अंग निथळत होतं आणि चेहरा मात्र शांत होता.

तीन-चार श्वासांत ती समोरून गेली. तिनं इकडे बघितलं नाही, आबांनीही हाक मारली नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. त्यांनी मनात जशी पळवली होती, ती हुबेहूब तशीच पळत होती.

"तिसरी आहे," मुलगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "टिकली तर जागा राहील, आबा. तिसरी आली तरी राहील."

"तिसरी कशाला?" आबा म्हणाले. "पुढच्या दोघींचं लोणी आलंय."

"काय आलंय?" पोलिसानं विचारलं.

"लोणी. त्यांनी अंगातलं सगळं घुसळून टाकलंय. अजून सहा किलोमीटर आहेत, चार झाले की त्या बसतील." आबा काठीवर भार देऊन उठले आणि आजूबाजूच्या इस्त्रीवाल्या माणसांना मोठ्यानं म्हणाले, "ती मागची बघितलीत? ती माझी सून. ती पहिली येणार."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. म्हाताऱ्याला ऊन लागलं असं त्यांना वाटलं असावं.

आबा गाडीत जाऊन बसले, मागच्या फळ्या उघड्या टाकून, पाय खाली सोडून. मुलगा फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होता. थोड्या वेळानं तो जागच्या जागी थबकला, आणि मग फोन उंच धरून गाडीकडे धावत सुटला. "आबा! आबा! एक्केचाळिसाव्याला दोघींना मागं टाकलं! पहिली! पहिली आली हो!"

"ओरडू नकोस," आबा म्हणाले. "मी सगळ्यांना मघाशीच सांगितलंय." पण त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मग दुधाची गाडी शर्यत संपली त्या मैदानाच्या मागच्या बाजूला नेऊन उभी केली. आतून लाउडस्पीकरवर भाषणं ऐकू येत होती. सरांचंही झालं. आपण हिच्यावर घेतलेल्या मेहनतीचं चीज झालं, असं ते म्हणाले. मुलगा चिडून आत जायला निघाला. आबांनी त्याला काठीनं अडवलं.

"घेऊ दे की. झाकण कुठं त्यांच्याकडे आहे?"

मग ती आली. मैदानाचं फाटक ओलांडून, पेपरवाल्यांची झुंबड मागे ठेवून, लंगडत, दोन्ही हातांत मोठा चकचकीत करंडक धरून, सरळ गाडीकडे. नडगी सुजली होती, बुटाच्या टोकातून रक्त आलं होतं. गाडीवाल्यानं तिला येताना बघितलं आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आत हात घालून दोनदा हॉर्न दिला. तशाही अवस्थेत तिचं पाऊल आपोआप उचललं गेलं, आणि उरलेली वीस पावलं ती पळतच आली. पेपरवाले हसले. तीही हसली.

गाडीच्या फळीला हात लावून ती थांबली. करंडक आबांच्या मांडीवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली.

करंडकाला झाकण होतं. आबांनी ते काढलं, कुठलाही विचार न करता. उलटं केलं, उन्हाकडे धरलं. पेपरवाल्यांनी कॅमेरे वर केले. कुणीतरी विचारलं, "बाबा, सुनेबद्दल काही सांगा ना." आबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूनं सावकाश अंगठा फिरवला, कडेपर्यंत नेला, आणि अंगठ्याकडे बघितलं.

सून बघत होती. देशात चौथ्यांदा पहिली आलेली बाई, श्वास धरून.

"मी येणार म्हणालो, त्या दिवशीचंही साफ होतं," आबा म्हणाले. "पण ते मला झाकणावरून नाही, तुला पळताना बघून सांगायचं होतं."

"आणि आज?"

आबांनी झाकण करंडकावर परत बसवलं. मग त्यांनी तो अंगठा आपल्या सदऱ्याला पुसला आणि सुनेच्या घामेजल्या कपाळावरून हळूच फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"साफ," ते म्हणाले.